उसना पत्ता

२६ जुलै २००८, शनिवार. संध्याकाळी पावणेसातच्या सुमारास अहमदाबादेत स्फोटांना सुरुवात झाली आणि पुढच्या सत्तरेक मिनिटांत शहरात २१ स्फोट झाले. ५६ माणसं गेली, दोनशेहून जास्त जखमी झाली. शेवटचे स्फोट रुग्णालयांच्या आवारात झाले. जखमींना घेऊन नातेवाईक तिथे पोहोचले असतील, हे ओळखून ते बॉम्ब ठेवले होते. पहिल्या स्फोटाच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांच्या कचेऱ्यांत एक ईमेल येऊन पडला होता. खाली नाव ‘इंडियन मुजाहिदीन’. त्या ईमेलचा माग काढत तपासयंत्रणा निघाल्या आणि नवी मुंबईत येऊन पोहोचल्या. सानपाड्यातल्या एका इमारतीत, एका अमेरिकन भाडेकरूच्या घरी.

त्या माणसाचं नाव तेव्हा महिनाभर वर्तमानपत्रांत झळकत होतं. मी ते इथे देत नाही, कारण त्याने काहीही केलेलं नव्हतं. तो एका प्रशिक्षण कंपनीत कामाला होता, कुटुंबासह इथे राहत होता आणि त्याच्या घरातल्या वायफायला कुलूप नव्हतं. २००८ साली बहुतेक घरांत तशीच तऱ्हा होती. कंपनीचा माणूस यायचा, डबी भिंतीला लावायचा, दिवे लुकलुकले की सही घेऊन जायचा. पासवर्ड बदलायचा असतो हे त्यालाही कोणी सांगितलेलं नसे. सिग्नल भिंतीतून जिन्यात, जिन्यातून रस्त्यावर पोहोचायचा आणि खाली गाडीत मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेल्या माणसाला तो वापरता यायचा.

राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाने, म्हणजे तेव्हा हेमंत करकरे ज्याचे प्रमुख होते त्या एटीएसने, त्याचे संगणक तपासायला नेले आणि त्याची वारंवार चौकशी केली. यात गैर काही नाही. माग ज्या दारापर्यंत येतो ते दार पोलिसांनी वाजवायलाच हवं. शिवाय नवी मुंबईला धास्ती वाटावी असं आणखी एक कारण होतं. त्या कटात वापरलेल्या मोटारी इथल्याच रस्त्यांवरून चोरलेल्या निघाल्या. म्हणजे मारेकरी आपल्या गल्लीत येऊन गेले होते.

पण पोलिसांच्या चौकशीबरोबर दुसरी एक चौकशी सुरू झाली, ती शहराची. हा इथे नेमका करतो काय? अमेरिका सोडून सानपाड्यात राहायला कोण येतं? कंपनी खरी की दाखवायची? घरी कोण कोण येतं? प्रार्थना कुठली करतो? एरवी परदेशी शेजारी म्हणून लिफ्टमध्ये कौतुकाने हसणारे लोक आता आपापल्या आठवणी उसवून त्यात संशयाचे धागे शोधू लागले. ऑगस्टच्या मध्यावर तो देश सोडून गेला. त्याच्या नावाची लुकआउट नोटीस असताना विमानतळावरून तो गेलाच कसा, यावर मोठा गदारोळ उठला आणि गेला म्हणजे दोषीच, असं अनेकांनी ठरवून टाकलं. काही आठवड्यांनी तो परत आला. तोवर २३ ऑगस्टला दुसरा ईमेल माटुंग्याच्या खालसा कॉलेजच्या वायफायवरून गेला होता आणि १३ सप्टेंबरला, दिल्लीतल्या स्फोटांच्या दिवशी, तिसरा ईमेल चेंबूरच्या एका कंपनीच्या वायफायवरून. पद्धत स्पष्ट झाली होती. उघडं वायफाय शोधायचं, ईमेल टाकायचा, निघून जायचं. कॉलेजचं काय चुकलं असं कोणी विचारलं नाही. तोवर पोलिसांना युक्ती कळली होती हे खरं, पण कॉलेजला ‘तुम्ही मुळात इथे कशाला आलात’ असा प्रश्न कोणी विचारू शकत नव्हतं, हेही तितकंच खरं. तो प्रश्न बाहेरून आलेल्यालाच विचारता येतो.

दहशतवादी हल्ला झाला की बाहेरून आलेल्या, कायद्याने वागणाऱ्या माणसाचं काय होतं, या प्रश्नावर युरोपात वीस वर्षं चर्चा चालू आहे. आपल्याकडे तो प्रश्न दूरचा वाटतो. मला सानपाड्याच्या त्या घरापासून तो फार जवळचा वाटत आला आहे आणि युरोपातल्या घटना वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. संशय धर्मावरून, रंगावरून, भाषेवरून पसरतो हे आपण जाणतोच. पण निरपराध माणसाच्या अंगावर तो प्रत्यक्ष येऊन आदळतो तो एखाद्या सामाईक वस्तूमधून. सामाईक दार, सामाईक सिमकार्ड, सामाईक खोली. आणि परक्या गावात आलेल्या माणसाचं सगळं आयुष्यच सामाईक वस्तूंवर चालतं. खोली भागीत, पत्ता कोणाच्या तरी ओळखीने, फोन भावाच्या नावावर. स्वतःचं, एकट्याचं असं काही उभं करायला त्याला दहा-पंधरा वर्षं लागतात. हल्ला त्याआधी झाला तर तो जाळ्यात सापडतो.

लंडनचं उदाहरण घ्या. ७ जुलै २००५ ला तिथे भुयारी रेल्वेत आणि बसमध्ये स्फोट झाले, ५२ प्रवासी मेले. दोन आठवड्यांनी, २१ जुलैला, तसाच दुसरा प्रयत्न फसला. न फुटलेल्या एका बॅगेत व्यायामशाळेचं कार्ड सापडलं आणि त्यावरून पोलीस दक्षिण लंडनमधल्या एका इमारतीपर्यंत पोहोचले. त्या इमारतीला रहिवाशांचं एकच सामाईक प्रवेशद्वार होतं. २२ जुलैच्या सकाळी त्या दारातून जीन शार्ल डी मेनेझिस नावाचा २७ वर्षांचा ब्राझिलियन इलेक्ट्रिशियन कामावर जायला बाहेर पडला. पाळतीवर असलेल्या माणसाला नेमक्या त्या क्षणी लघवीला लागली होती, म्हणून त्याला चित्रण करता आलं नाही आणि बाहेर पडलेला माणूस कोण याची खातरजमा झाली नाही. पथक त्याच्या मागे लागलं. तो बसमध्ये चढला, स्टॉकवेल स्टेशनात शिरला, गाडीत जाऊन बसला. तिथे पोलिसांनी त्याच्या डोक्यात सात गोळ्या घातल्या. लंडन पोलिसांना पुढे दंड झाला, तो आरोग्य आणि सुरक्षिततेच्या कायद्याखाली, १ लाख ७५ हजार पौंड. एकाही अधिकाऱ्यावर वैयक्तिक खटला चालला नाही आणि २०१६ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयानेही त्यात ब्रिटनचा दोष मानला नाही. डी मेनेझिस मुसलमान नव्हता, अरब नव्हता. चुकीच्या माणसाचा शेजारी होता, एवढंच.

दुसरी गोष्ट आपल्या शेजारच्या राज्यातल्या माणसाची. डॉ. मोहम्मद हनीफ मूळचे कर्नाटकातले. इंग्लंडात नोकरी करत होते. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात नवी नोकरी लागली म्हणून निघताना त्यांनी आपलं सिमकार्ड नात्यातल्या एका भावाकडे दिलं, उरलेले पैसे वाया जाऊ नयेत म्हणून. आपल्यातला कोणीही हेच करील. ३० जून २००७ ला ग्लासगो विमानतळावर जळती जीप घुसवली गेली. ती चालवणारा हनीफांच्या नात्यातला निघाला आणि ज्याच्याकडे सिम होतं तो त्याचा भाऊ. २ जुलैला ब्रिस्बेन विमानतळावर हनीफांना अटक झाली. सिम त्या जळत्या जीपमध्ये सापडलं असं सांगितलं गेलं. ते मुळात तिथे नव्हतंच, लिव्हरपूलला होतं. बारा दिवस आरोप न ठेवता कोठडी, मग आरोप, मग जामीन आणि जामीन मिळाला त्याच दिवशी मंत्र्यांनी व्हिसा रद्द केला, कारण काय तर संशयितांशी ‘संबंध’. २७ जुलैला आरोप मागे घेतला गेला. पुढे न्यायालयाने व्हिसा रद्द करण्याचा निर्णय फिरवला, सरकारने नेमलेल्या चौकशीने त्यांना निर्दोष ठरवलं आणि २०१० मध्ये त्यांना भरपाई मिळाली. हनीफ सुटले त्याची कारणं मोजता येतात. डॉक्टरकीची पदवी होती, इंग्रजी येत होतं, चांगला वकील मिळाला आणि ऑस्ट्रेलियातल्या वर्तमानपत्रांनी पोलिसांच्या कथेतली भोकं दाखवली. यातली एखादी गोष्ट कमी असती तर?

पॅरिसमध्ये जानेवारी २०१५ च्या हल्ल्याच्या वेळी लासाना बाथिली हा मालीहून आलेला तरुण एका ज्यू दुकानात कामाला होता. बंदूकधारी वर शिरल्यावर त्याने ग्राहकांना तळघरातल्या शीतखोलीत लपवलं, यंत्र बंद केलं आणि मालाच्या लिफ्टमधून स्वतः बाहेर पडला. बाहेर पोलिसांनी त्याला जमिनीवर पाडलं आणि साथीदार समजून तासभराहून जास्त बेड्या घालून ठेवलं. मग त्यानेच त्यांना दुकानाचा नकाशा समजावून सांगितला. त्याच महिन्यात फ्रान्सने त्याला नागरिकत्व दिलं. टाळ्या वाजल्या. मला त्या टाळ्यांपेक्षा बेड्यांमधला तो वेळ जास्त काही सांगतो. नागरिकत्व मिळवायला त्याला जीव धोक्यात घालून माणसं वाचवावी लागली, संशय मिळवायला नुसतं दारातून बाहेर येणं पुरलं. त्याच वर्षी १३ नोव्हेंबरच्या हल्ल्यात १३० लोक मारले गेले आणि फ्रान्समध्ये आणीबाणी लागली. ती जवळजवळ दोन वर्षं टिकली. न्यायाधीशाच्या परवान्याशिवाय चार हजारांवर घरझडत्या झाल्या. त्यातून दहशतवादाचे खटले फार थोडे उभे राहिले. बाकीच्या घरांची दारं तुटली आणि शेजाऱ्यांनी ती तुटताना पाहिली.

बाहेरून आलेला माणूस हल्ल्यानंतर संशयित होतो हे लिहिताना, हल्ल्यात तोही मरतो हे विसरायला नको. २२ मार्च २०१६ ला ब्रुसेल्समध्ये विमानतळावर आणि मेट्रोत स्फोट झाले. ३२ जणांचे प्राण गेले, त्यांत मेट्रोने कामावर निघालेला इन्फोसिसचा एक भारतीय अभियंताही होता. विमानतळावर धुळीने माखलेली, फाटक्या पिवळ्या गणवेशात बाकावर बसलेली एक स्त्री त्या दिवशी जगभरच्या पहिल्या पानांवर होती. ती जेट एअरवेजची कर्मचारी, मुंबईच्या निधी चाफेकर. त्या छायाचित्राला कोणी पासपोर्ट विचारला नाही. जखमी माणूस सगळ्यांचाच असतो. पण त्या स्फोटानंतरच्या आठवड्यात ब्रुसेल्सच्या मोलेनबेक या स्थलांतरितांच्या भागात भाड्याने खोली शोधणाऱ्या माणसाचं छायाचित्र कुठल्याही पानावर आलं नाही आणि हल्ल्याची खरी झळ वर्षानुवर्षं लागत राहते ती तिथे.

आपल्याकडेही ती तिथेच लागते, खोली शोधताना.

मुंबईवर २६ नोव्हेंबर २००८ ला हल्ला झाला, १६६ जण मारले गेले. भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यायची या आदेशाला त्यानंतर खरी धार आली. आज वाशी, नेरूळ, खारघर कुठेही घर भाड्याने द्यायचं तर अकरा महिन्यांचा नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार आणि त्यासोबत पोलीस व्हेरिफिकेशन. तो अर्ज एकदा शांतपणे वाचून पाहावा. भाडेकरूचा फोटो, मूळ गावचा पत्ता, ओळखपत्राचा क्रमांक, कामाचं ठिकाण, एजंटचं नाव इथपर्यंत ठीक आहे. मग येतो तो रकाना: भाडेकरूला ओळखणाऱ्या दोन व्यक्तींची नावं आणि पत्ते. साताऱ्याहून आलेल्या मुलाचा मामा घणसोलीत असतो, चुलता तुर्भ्याला माथाडीत असतो, तो रकाना भरायला त्याला मिनिट लागत नाही. श्रीनगरहून किंवा मुर्शिदाबादहून आलेल्याला ज्या दोघांची नावं टाकता येतात ते त्याच्याच खोलीतले असतात आणि मग तीच दोन नावं दहा अर्जांवर दिसली की पोलिसांच्या भुवया वर जातात. ज्या गोष्टीमुळे तो इथे टिकू शकला, म्हणजे गाववाल्यांचा आधार, तीच त्याच्याविरुद्ध जाते.

आणि हे अर्जापर्यंत पोहोचला तर. त्याआधी सोसायटी असते. नाव ऐकून एजंट काय बोलतो हे या शहरात घर शोधणाऱ्या प्रत्येक मुसलमान माणसाला पाठ आहे. ‘मालक तयार आहे हो, पण सोसायटीचं चालत नाही.’ ‘फॅमिलीलाच द्यायचंय.’ ‘कालच टोकन आलं.’ यातलं काहीही लेखी नसतं, त्यामुळे तक्रार कशाची करणार? एरवी भाडेकरू सोडायला नाखूश असणारा मालक हल्ल्यानंतरच्या महिन्यात अकराव्या महिन्याची वाट पाहत बसतो. कराराचं नूतनीकरण होत नाही. कारण विचारलं तर ‘मुलगा परत येतोय’. अशा घरबदलांची कुठे नोंद राहत नाही, पण मुलांच्या शाळा बदलतात, डिपॉझिटातून रंगाचे पैसे कापले जातात, एजंटला पुन्हा एका महिन्याचं भाडं जातं. दर वेळी थोडी वाईट, थोडी लांबची जागा मिळते. शेवटी माणूस तिथे जातो जिथे त्याच्यासारखेच सगळे आहेत आणि मग तीच वस्ती लोकांच्या नजरेत संशयाची होते.

या व्हेरिफिकेशनने पकडायचं कोणाला होतं? २६/११ ची टेहळणी ज्याने केली तो डेव्हिड हेडली. मूळ नाव दाऊद गिलानी, २००६ मध्ये अमेरिकेत कायदेशीरपणे बदललेलं. अमेरिकन पासपोर्ट, बिझनेस व्हिसा, ताडदेवला इमिग्रेशन सल्ल्याचं कार्यालय, ब्रीच कँडीला पेइंग गेस्ट म्हणून राहणं, व्यायामशाळेचं सदस्यत्व. एकही कागद कच्चा नव्हता. ओळखणारे दोघे विचारले असते तर त्याने वीस दिले असते. त्याचं बिंग फुटल्यावर भारत सरकारने २००९ च्या अखेरीस पर्यटक व्हिसाला नियम लावला, एकदा जाऊन आल्यावर दोन महिने परत यायचं नाही. त्याचा फटका इथे मुलांना भेटायला येणाऱ्या परदेशी नागरिकत्वाच्या आईबापांना, भारतात घर करून राहणाऱ्या युरोपीयांना बसला. २०१२ मध्ये तो बहुतेकांसाठी मागे घेतला गेला. हेडली २०१३ पासून अमेरिकेत ३५ वर्षांची शिक्षा भोगतो आहे. कट करणाऱ्याला कागदांची तयारी करायला वेळ असतो, पैसा असतो. कागद कच्चे राहतात ते रोज कामावर जाणाऱ्याचे.

संशय खोटा ठरायला किती काळ लागतो, याचं महाराष्ट्रातलं मोजमाप आपल्या डोळ्यांसमोर आहे. ११ जुलै २००६ ला पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये सात स्फोट झाले, १८० हून जास्त प्रवासी मेले. विशेष न्यायालयाने २०१५ मध्ये बारा जणांना दोषी धरलं, पाच जणांना फाशी सुनावली. २१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने त्या बाराही जणांना निर्दोष सोडलं. त्यांतला एक तोवर तुरुंगात मरण पावला होता. तीनच दिवसांत सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरायला स्थगिती दिली, पण सुटलेल्यांना पुन्हा आत पाठवलं नाही. एकोणीस वर्षं. मेलेल्यांच्या घरच्यांना गुन्हेगार मिळाला नाही आणि आत गेलेल्यांच्या घरच्यांना तरुण मुलगा परत मिळाला नाही. एका चुकीच्या संशयाने दोन्ही घरांचं नुकसान केलं, हे आपण एका वाक्यात म्हणायला शिकलं पाहिजे.

२२ एप्रिल २०२५ ला काश्मीरमधल्या पहलगामला दहशतवाद्यांनी २६ जणांना मारलं. त्यांत महाराष्ट्रातले सहा होते. तीन डोंबिवलीचे, दोन पुण्याचे, एक आपल्या पनवेलचा. पनवेलमध्ये त्या दिवसांत जो संताप होता तो खोटा नव्हता आणि मी त्याला नावं ठेवणार नाही. धर्म विचारून माणसं मारली गेली होती. त्याच ठिकाणी पर्यटकांना घोड्यावरून नेणारा एक काश्मिरी मुसलमान तरुण हल्लेखोरांना अडवताना मारला गेला, हेही त्याच दिवशीच्या बातमीत होतं. पुढच्या काही दिवसांत देशात ठिकठिकाणी काश्मिरी विद्यार्थ्यांना वसतिगृहं, खोल्या सोडाव्या लागल्या. महाराष्ट्राला हे नवं नव्हतं. २०१९ मध्ये पुलवामाच्या हल्ल्यानंतर यवतमाळला काश्मिरी विद्यार्थ्यांना मारहाण झाली होती. पहलगामला नवरा गमावलेल्या एका नवविवाहितेने काश्मिरींच्या आणि मुसलमानांच्या मागे लागू नका अशी विनंती केली तर लोक तिच्यावरच तुटून पडले. ज्या बाईचं दुःख सगळ्यांत मोठं, तिलाही लोकांचा तो राग थांबवता आला नाही.

मग तो राग नाक्यावर आला.

कोपरखैरणे, नेरूळ, खारघर, कुठल्याही कामगार नाक्यावर सकाळी सातनंतर जा. गवंडी थापी, ओळंबा, गुण्या घेऊन उभे असतात, बिगारी नुसते हात घेऊन. मराठवाड्यातले, विदर्भातले, उत्तर प्रदेशातले, झारखंडचे, बंगालचे. नवी मुंबईचे टॉवर, उलव्याचा विमानतळ, मेट्रोचे खांब यांना यांचाच हात लागला आहे. मे २०२५ मध्ये केंद्राने राज्यांना संशयित बांगलादेशींची पडताळणी महिन्याभरात संपवायला सांगितलं. बांगलादेशातून बेकायदा आलेले लोक नवी मुंबईत आहेत, पोलीस त्यांना पकडतात, कायद्याने त्यांना परत पाठवायला हवं, यात वाद नाही. पण बंगाली बोलणारा, लुंगी नेसणारा, मुसलमान नावाचा माणूस भारतातला की पलीकडचा, हे कानाने कसं ओळखणार? मुर्शिदाबादची बोली आणि पद्मेपलीकडची बोली यांत फरक करता येईल असा माणूस कुठल्या चौकीत बसला आहे?

जून २०२५ मध्ये मुंबई-ठाणे परिसरात काम करणाऱ्या, पश्चिम बंगालच्या रहिवासी असलेल्या काही मजुरांना उचलून, विमानाने सीमेवर नेऊन पलीकडे ढकललं गेलं. त्यांच्या घरच्यांनी, पंचायतीने, पश्चिम बंगालच्या स्थलांतरित कामगार कल्याण मंडळाने आणि राज्य सरकारने कागद पाठवले, तेव्हा काही दिवसांनी त्यांना परत आणलं गेलं. दिल्लीतून अशीच एक गरोदर स्त्री कुटुंबासह पाठवली गेली. कलकत्ता उच्च न्यायालयाने सप्टेंबरमध्ये ती हद्दपारी रद्द ठरवली, तरी ती परतली डिसेंबरमध्ये.

यात कायद्याची एक गाठ आहे, ती फार थोड्या लोकांना माहीत असते. चोरीचा आरोप असेल तर तुम्ही चोर आहात हे सरकारने सिद्ध करायचं. पण परदेशी नागरिक असल्याचा आरोप असेल तर तुम्ही परदेशी नाही हे तुम्ही सिद्ध करायचं. १९४६ च्या कायद्यात ही तरतूद होती, सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यातही ती तशीच आली आहे. सिद्ध कशाने करायचं? ठाण्यातल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं की नुसतं आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र आहे म्हणून कोणी नागरिक ठरत नाही. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबर आहे. पण मग राहतो तो गावचा जमिनीचा उतारा, आजोबांचं मतदार यादीतलं नाव, जन्माचा दाखला. माझ्या वाचकांपैकी कितीजणांच्या घरात हे तिन्ही आत्ता, या क्षणी, एका पिशवीत सापडतील? आणि ज्याचं गाव गंगेने दोनदा कापून नेलं, त्याच्या पिशवीत काय असेल?

हा बंगाली मजूर नवी मुंबईत राहतो कुठे, तेही पाहा. घणसोली, बोनकोडे, करावे, सारसोळे या गावांत. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने १९७० नंतर आगरी-कोळी प्रकल्पग्रस्तांच्या ९५ गावांची जमीन घेतली. वाढत्या कुटुंबांना जागा पुरेना म्हणून गावकऱ्यांनी गावठाणाच्या आत-बाहेर घरं बांधली. ‘गरजेपोटी बांधलेली घरं’ हे त्यांचं सरकारदरबारी पडलेलं नाव. ती नियमित होणार होणार म्हणून किती निवडणुका झाल्या. या घरांच्या खोल्या भाड्याने जातात, कारण स्वस्त असतात आणि मालक फार प्रश्न विचारत नाही. पण मालकाच्याच घराला कागद नाही, तो भाडोत्र्याला नोंदणीकृत करार कुठून करून देणार? फार तर नोटरीचा कागद होतो, बहुतेकदा तोही नाही. एका खोलीत आठ जण, एका नावावर. दोघांच्या फोनमधलं सिम मुकादमाच्या नावाचं. जमीन गेलेला आगरी आणि गाव सोडून आलेला बंगाली गवंडी, दोघेही कागदाविना एका छपराखाली राहतात आणि पोलीस आले की पहिल्याला साक्षीदार व्हावं लागतं, दुसऱ्याला आरोपी.

हे टाळता येण्याजोगं होतं आणि म्हणूनच मला त्याचा राग येतो. १९७९ पासून आपल्याकडे आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा होता, आता तो २०२० च्या संहितेत सामावला आहे. त्या १९७९ च्या कायद्यानुसार दुसऱ्या राज्यातून कामगार आणणाऱ्या ठेकेदाराने परवाना घ्यायचा, कामगारांची नोंद दोन्ही राज्यांत द्यायची आणि प्रत्येक कामगाराला फोटो लावलेलं पासबुक द्यायचं. त्यात कामाचं ठिकाण, मुदत, मजुरीचा दर, सगळं लिहायचं. म्हणजे बंगालचा माणूस नवी मुंबईत उतरताच त्याच्या खिशात एक कागद असायला हवा होता, जो सांगेल की हा अमुक गावचा, अमुक ठेकेदाराने आणला, अमुक ठिकाणी कामावर आहे. टॉवर उभे करणाऱ्यांनी हे पासबुक दिलं नाही, कारण ते दिलं की किमान मजुरी, प्रवासभत्ता, विस्थापनभत्ता सगळंच द्यावं लागलं असतं. कामगार खात्याने ते मागितलं नाही. बांधकाम व्यावसायिकाला त्यामुळे कोणी परदेशी ठरवलं नाही, ठेकेदाराला कोणी सीमेवर नेलं नाही. बिनकागदी कामगार असणं त्यांच्या फायद्याचं होतं आणि त्याची किंमत पहलगामनंतर वसूल झाली ती कामगाराकडून.

नवी मुंबई पोलिसांना खरोखर कोण कुठे राहतं हे जाणून घ्यायचं असेल, तर सोसायटीच्या गेटवरच्या रजिस्टरापेक्षा बांधकामाच्या साइटवरून सुरुवात करावी. परवाना दाखवा, नोंदवही दाखवा, असं ठेकेदाराला विचारावं. गरजेपोटीच्या घरांचा प्रश्न सरकारने एकदाचा सोडवावा, म्हणजे गावकऱ्याला भाडेकरार करून देता येईल. भाडेकरूच्या अर्जातला ओळखणाऱ्या दोघांचा रकाना कामाच्या मालकाने भरावा, तो ज्याचं काम करून घेतो त्याला नक्कीच ओळखतो. आणि एखाद्या परराज्यातल्या माणसाला उचललं तर त्याच्या जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांचं लेखी उत्तर येईपर्यंत त्याला जिल्ह्याबाहेर हलवू नये. जूनमध्ये जे परत आले, त्यांचे कागद गावी होते. पंचायतीने ते काही तासांत काढून पाठवले. तेवढे तास इथे थांबायला कोणी तयार नव्हतं.